एप्रिल ते सप्टेंबर बगळ्यांचे

नॉटिंगहॅम,
सप्टेंबरचा शेवटचा सोमवार

प्रिय प्रणय,

सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस, मला काही झालेलं नाही. गुडघा आहे तिथेच आहे आणि बीपी गोळीच्या धाकात आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. मी 'अरे पण' म्हटलं की तू 'आई, लॉजिकली बघ' म्हणतोस आणि माझी बोलती बंद होते. कागद तरी मध्ये तोडत नाही. तुझा प्रश्न माझ्या पक्का लक्षात आहे. नॉटिंगहॅमचं घर विकून मी कायमची ग्लासगोला तुझ्याकडे राहायला यायचं की नाही. तुला एस्टेट एजंटला शुक्रवारी कळवायचंय. पाकिटाला फर्स्ट क्लासचं तिकीट लावते, म्हणजे पत्र त्याच्या आत पोचेल. उत्तर यातच आहे, पण आधी बगळ्यांची बातमी. तू विचारत नाहीस हे ठाऊक आहे. मी सांगणारच आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

काल सीझनची शेवटची मॅच झाली. हरलो. तुला आश्चर्य वाटणार नाही, मलाही वाटलं नाही. गेल्या तीन सीझनमध्ये ट्रेंट हेरन्स, आपले हे बेसबॉलचे बगळे, दोन मॅच जिंकले आहेत, आणि त्यातली एक समोरची टीम मोटरवेवर अडकली म्हणून. काल सकाळपासून भुरभुर चालू होती. स्पोर्ट्स सेंटरच्या मागचं ते मैदान म्हणजे नुसता राडा झाला होता. बघायला आम्ही पाच जण, त्यात एक कुत्रा. ज्या देशात निम्म्या लोकांना बेसबॉल म्हणजे शाळेतल्या मुलींचा राउंडर्स नावाचा खेळ वाटतो, तिथे पावसात याहून जास्त कोण येणार? मी आपली कॅम्पिंगची खुर्ची, तुझा जुना रेनकोट आणि डबा घेऊन बसले होते. डब्यात आलुबोंडे होते. आपली पोरं बेसवर पोचत नसली तरी आलुबोंड्यापर्यंत बरोबर पोचतात. संध्याकाळी तुला फोन केला तेव्हा हे सगळं सांगायचं होतं, पण तू घाईत होतास. वैभवी, आमची सूनबाई, रविवारीही ऑफिसात म्हणालास. बँकेत एवढं काम असतं का रे.

बॉल टाकायला, म्हणजे पिचिंगला, आता तनिषा असते. तू गेल्यानंतर आलेली आहे, तुला माहीत नाही. एकोणीस वर्षांची, आईवडील पुण्याचे, स्वतः इथेच जन्मलेली. माझ्याशी हट्टाने मराठी बोलते. काल मला विचारत होती, आंटी, माझा शेवटचा बॉल कशी गेली. मी म्हटलं, बाई, बॉल छान गेली. उगाच कशाला सुधारायचं, पोरगी प्रेमाने बोलते. पाचव्या इनिंगमध्ये आपण नऊ रनांनी मागे होतो. अशा वेळी कोणीही हात सैल सोडतं. या पोरीने लागोपाठ तीन जणांना बॅट लावू दिली नाही. तिघेही नुसती हवा कापून परत गेले. त्याने काय झालं म्हणशील. काही झालं नाही, नऊचे आठ होऊन हरलो. पण मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते आणि कुत्रा माझ्यावर भुंकत होता. त्या पाच मिनिटांत मला जगात कुठलीच तक्रार नव्हती.

फोनवर तू म्हणालास की मी बाबांच्या आठवणीसाठी तिथे जाऊन बसते, आणि आता ते जाऊन सहा वर्षं झाली, तर मी मूव्ह ऑन व्हायला हवं. खरं सांगू? तुझ्या बाबांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि समजून घ्यायचंही नव्हतं. ते आपल्याला गाडीने सोडायचे आणि सीट मागे करून, तोंडावर पेपर घेऊन झोपायचे. मॅच संपली की विचारायचे, किती गोल झाले. ते फार चांगले होते आणि त्यांची आठवण मला भाजी चिरताना येते, कपड्यांच्या घड्या करताना येते. मैदानावर येत नाही. मैदान माझं आहे, प्रणय. ते माझं कसं झालं हे तुझ्या डोळ्यांसमोर घडलंय, पण तू तेव्हा माझ्यावर इतका चिडला होतास की बघितलंच नाहीस.

तू सतरा वर्षांचा होतास. शेवटची इनिंग, आपण एका रनने पुढे. त्यांचे दोन जण आऊट, दोघं बेसवर उभे. आणखी एक आऊट केलास की सामना आपलाच. तू बॉल टाकलास, त्यांच्या बॅटरने डाव्या अंगाला मारला आणि बॉल गवतातून सरपटत थेट माझ्या खुर्चीजवळ आला. आपला कीरन धावत येतच होता. आता नागपूरच्या मैदानावर भावांच्या क्रिकेट मॅची बघत वाढलेल्या बाईला एवढंच माहीत असतं, की बॉल आपल्याकडे आला की उचलायचा आणि खेळणाऱ्याला द्यायचा. नाही दिला तर पोरं बोंबलतात. मी उचलला आणि कीरनच्या हातात दिला, वर 'घे बेटा' पण म्हटलं. अंपायरने दोन्ही हात वर केले. मला वाटलं आपण जिंकलो. मी टाळ्या वाजवल्या. मग कळलं की तो बॉल अजून खेळात होता, आणि प्रेक्षकाने हात लावला की पुढे काय झालं असतं ते अंपायर ठरवतो. त्याने ठरवलं की त्यांचे दोघेही पळून आले असते. दोन रन त्यांना. मग आपली बॅटिंग आली, तीन जण तीन झटक्यात घरी, आणि मॅच गेली. त्या वर्षीची ती एकच मॅच आपण जिंकत होतो. घरी जाताना गाडीत तू तोंड उघडलं नाहीस. बाबांनी किती गोल विचारलं तेव्हाही नाही.

पुढच्या रविवारी तू म्हणालास की तू येऊ नकोस. मी म्हटलं, येणार. वॉर्डात सिस्टर म्हणून इतकी वर्षं काढलेल्या बाईला एवढं कळतं, की काही बिघडलं तर त्याच पेशंटच्या पलंगाजवळ दुसऱ्या दिवशी जाऊन उभं राहायचं असतं. डबा भरला आणि आले. सगळे जण माझ्याकडे बघून हसू दाबत होते. ग्रॅहम, आपला चेअरमन, पुढे आला. त्याने माझी खुर्ची उचलली, बॅटरच्या मागे जाळी असते तिच्या आड नेऊन ठेवली आणि म्हणाला, मॅडम, इथून तुम्हाला सगळं दिसेल आणि कुठलाच बॉल तुमच्यापर्यंत येणार नाही. आणि खरंच दिसलं, पोरा. बाजूला बसून मला नुसता धावणारा घोळका दिसायचा. तिथून मला पिचरचा चेहरा दिसू लागला. कॅचर मांडीशी बोटांनी काय खुणावतो ते दिसू लागलं. एक बॉल टाकायच्या आधी नऊ माणसं किती विचार करतात हे कळलं. ग्रॅहम शेजारी उभा राहून समजवायचा, मी चुकीचं समजायची, तो परत समजवायचा. पहिल्या वर्षी मी तुझी आई म्हणून येत होते. त्यानंतर मी स्वतः येत होते.

जिंकणाऱ्या टीमकडे का जात नाहीस, असंही तू एकदा विचारलं होतंस. मँचेस्टरकडे चांगले क्लब आहेत म्हणालास. याचं उत्तर मला नागपुरातल्या इंदोऱ्याच्या तुझ्या आजोबांनी देऊन ठेवलंय. माझे बाबा दर निवडणुकीत निळा झेंडा घेऊन ज्याचा प्रचार करायचे तो पडायचा. साधा पडायचा नाही, डिपॉझिट जायचं. आजोबा महिनाभर चपला झिजवायचे, भिंती रंगवायचे, टांग्यावरून ओरडून घसा बसवून घ्यायचे. निकालाच्या संध्याकाळी घरी यायचे, झेंडा धुवून दोरीवर वाळत घालायचे, जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या मुलांची शिकवणी घ्यायला बसायचे. मी कॉलेजात होते तेव्हा एकदा तडकले. म्हटलं, बाबा, दर वेळी कशाला स्वतःचं हसं करून घेता. ते म्हणाले, निवडून येणाऱ्याच्या सभेला मैदान भरतं, तिथे माझी काय गरज. मी नाही गेलो तर या बिचाऱ्याचं भाषण ऐकणार कोण. आणि मग हसून म्हणाले, शिवाय पुढच्या वेळी तो निवडून आला आणि मी तिथे नसलो तर. शेवटपर्यंत तो माणूस निवडून आला नाही. आजोबांची ऐट मात्र कधी कमी झाली नाही. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत ते असे चालायचे की वाटावं सगळ्या जागा यांनीच जिंकल्यात. यंदाच्या चौदा एप्रिलला मी फार आठवण काढली त्यांची. खीर केली, एकटीने खाल्ली. दरवर्षी त्या दिवशी वैभवीच्या खिरीचा फोटो येतो, आणि खाली आईंपेक्षा माझी दाट असं लिहिलेलं असतं. यंदा आला नाही.

आता जे आपण दोघंही टाळतो ते. तीन वर्षांपूर्वीचा तो जुलै. चौथ्या इनिंगमध्ये तू ग्लव्ह काढलास, पिचरच्या जागेवर ठेवलास आणि सगळ्यांच्या देखत चालत पार्किंगपर्यंत गेलास. पुढच्या महिन्यात ग्लासगोची नोकरी घेतलीस. तेव्हापासून हेरन्सचं नाव काढलं की तुला दुसरा कॉल येतो. मी त्या दिवशी तुझ्या मागे आले नाही, जाळीमागेच बसून राहिले, याचा तुला राग आहे. असू दे. मी बसून राहिले कारण इनिंग अर्धी होती आणि मैदानावर आठ पोरं उभी होती. पण तू गेलास याचा मला राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं, फार वाटलं होतं. नऊ सीझन हरून तू थकला होतास, त्यात गैर काही नाही. तुला लाज वाटत होती, ते मला सहन झालं नाही. हरलेल्या माणसाने तोंड लपवावं असं आपल्या घरात कधी कोणी शिकवलेलं नाही, ते तू कुठून शिकलास रे. आणि एक सांगते. तुला वाटतं तिथे सगळे तुला नावं ठेवतात. कीरन अजून नव्या पोरांना तुझा वळणारा बॉल करून दाखवतो, आणि त्याला जमत नाही.

गेल्या बुधवारी क्लबची मीटिंग झाली, पबच्या मागच्या खोलीत. ग्रॅहमचं हिपचं ऑपरेशन व्हायचंय, सेक्रेटरी लीड्सला चाललाय, पुढच्या वर्षी नऊ जण तरी जमतील का याचा पत्ता नाही. ग्रॅहमने कागदावर लिहून आणलं होतं, ते त्याने वाचलं. हेरन्स इथेच थांबवावेत, ज्यांना खेळायचंय त्यांनी डर्बीकडच्या क्लबात जावं. बाकी सगळे आपापल्या फोनकडे बघत होते. मी प्लेयर नाही, मला बोलायचा हक्क आहे की नाही तेही ठाऊक नव्हतं. उभी राहिले. आजोबांची गोष्ट सांगितली, माझ्या इंग्लिशमध्ये, जशी येईल तशी. डिपॉझिट जाणं म्हणजे काय हे समजवायला मी धडपडत होते, तर ग्रॅहम म्हणाला, मॅडम, ते इथेही जातं, माझ्या मेव्हण्याचं गेलंय. सगळे हसले आणि मला जोर आला. म्हटलं, तुम्हाला बंद करायचं तर करा. पण एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी खुर्ची आणि डबा घेऊन जाळीमागे येऊन बसणार आहे. मैदानात कोणी नसलं तरी बसणार. स्पोर्ट्स सेंटरच्या लोकांनी विचारलं की बाई कोणाची वाट बघतेय, तर तुमची सगळ्यांची नावं सांगणार. मग मत घेतलं. दोघं सोडून सगळ्यांनी चालू ठेवायला हात वर केला. ग्रॅहमने स्वतःच्याच ठरावाविरुद्ध केला. आणि सेक्रेटरीची जागा रिकामी होती ती माझ्या गळ्यात पडली. हिवाळ्यात कौन्सिलकडे मैदान मागायचं, पोरं शोधायची, फोन करायचे, एवढंच काम. ईमेल तनिषा लिहून देणार आहे.

तेव्हा तुझं उत्तर. मी घर विकणार नाही. शुक्रवारी एजंटला सांग, आई ऐकत नाही. आपल्या घराच्या पायऱ्या मला जड जातात हे खरं आहे, पण मी त्या चढते. जेव्हा चढवणार नाहीत तेव्हा पलंग खाली आणीन. इथे मी एकटी पडलेय असं तुला वाटतं. माझ्याकडे ग्रॅहम आहे, तनिषा आहे, महिन्यातून एकदा विहारातली मंडळी आहेत, आणि दर रविवारी हरणारी एक पूर्ण टीम आहे. यांच्यातला एक जण जरी एखाद्या रविवारी जिंकला आणि मी तिथे नसले, तर मला चैन पडणार नाही. हे लॉजिकल नाही, मला कळतं. पण मी ठरवलंय आणि ते बदलणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. फोनवर हे बोलले असते तर तू हसून उडवून लावलं असतंस, आणि मग तुला माझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं. ते मला नको होतं. प्रणय, वैभवी आता तुझ्याकडे राहत नाही. मला एप्रिलपासून कळलंय. तिने सांगितलं नाही, मी कोणाला विचारलं नाही. तू रात्री नऊला फोन करून तूरडाळीला किती शिट्ट्या म्हणून विचारतोस, तुझ्या मागे घरात कुठलाच आवाज नसतो, आई आहे मी, एवढं ऐकू येतं. तू मला माझ्यासाठी बोलावत नाहीयेस. तुला रिकाम्या घरात राहवत नाहीये, आणि आपण हरलो हे कोणाला दिसू नये म्हणून तू माझा गुडघा पुढे केलास. राजा, त्यासाठी माझं घर विकायची काही गरज नव्हती, नुसतं ये म्हटलं असतंस तरी चाललं असतं. बेसबॉल एप्रिल ते सप्टेंबर असतो. ऑक्टोबर ते मार्च मी मोकळी आहे. शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय, दुपारी ग्लासगो सेंट्रलला उतरते. कोणाचं चुकलं हे मी विचारणार नाही, पुढे काय हेही विचारणार नाही. वैभवीबद्दल वाकडा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही, तीही माझी पोर आहे. मी नुसती तुझ्या शेजारी बसणार आहे. हरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसायचं काम मला नीट येतं, आणि मी मधून उठून जात नाही. स्टेशनवर न्यायला ये. दाढी केली नसली तरी चालेल, रडून आलास तरी चालेल. माझ्यासाठी चेहरा नीट करून यायचं नाही.

तुझीच, आणि एप्रिल उजाडला की पुन्हा बगळ्यांची,
आई